किल्ले कुंदाबाई: किल्लेदार नेमिल्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. समस्त खानदेश सुभ्यातील थोर, मातबर, सुज्ञ आणि रिकाम्या मंडळींनी पुसिले की, कसबे जळगांव, तर्फ पिंप्राळे येथील राजश्री जीवराम नाना यांणी वेबसाईट नामे अदृश्य किल्ला कैसा गमाविला, आणि मग कैसा सोडविला, आणि त्याजवर भरवशाचा किल्लेदार कोण्या मसलतीने नेमिला, ते सारे साद्यंत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे धंदा करणारांस उपयोगी पडेल. त्यावरून जे डोळ्यांनी पाहिले, जे शेजारच्या गच्चीवरून कानी आले, आणि जे खासा नानांनी चहाच्या टपरीवर स्वमुखे वर्णिले, त्यातून नानांचे निम्मे वजा करून बाकी राहिले ते येथे लिहिले आहे. वाचणारांनी हसू आवरावे.

नानांचा मुलूख म्हणावा तर पिंप्राळ्यात दुमजली घर, त्यावर ऐसपैस गच्ची, आणि त्या गच्चीवर वाळणारे बिबडे. बिबडा म्हणजे ज्वारी भिजवून, कांडून, तिचे पीठ मोठ्या पातेल्यात शिजवून, त्यात तीळ, लसूण, मिरची, जिरे घालून, ओल्या फडक्यावर हाताने थापून, खानदेशच्या उन्हात कडकडीत वाळवावा आणि तळून खिचडीसंगे खावा, ऐसा पदार्थ. पीठ शिजविणार कुंदाबाई, म्हणजे नानांचे कुटुंब, थापणार कुंदाबाई, वाळला की नाही हे मोडून पाहणार कुंदाबाई, आणि मागणी घेणे, डबे भरणे, कुरियरवाल्याशी भांडणे हा कारभार सून दिपमाला हिजकडे. नाना काय करीत, ऐसे कोणी पुसेल तर नाना मालक होते. दारात खुर्ची टाकून बसत, आल्यागेल्यास रामराम करीत, आणि 'आमचा माल' हे शब्द ऐसे उच्चारीत की ऐकणारास वाटावे, ज्वारी नानांनीच कांडिली.

मग काळ पालटला. लोक दुकान सोडून मोबाईलात माल घेऊ लागले, आणि दिपमालेने अर्ज केला की, आपलीही वेबसाईट असावी. नानांनी मनावर घेतले. पण बांधणारा भरवशाचा आहे, हे ओळखावे कैसे? याविषयी नानांपाशी एक सिद्धांत होता, आणि तो त्यांनी उभ्या हयातीत कधी तपासून पाहिला नव्हता. तो ऐसा की, शेतात भरिताची पार्टी करावी, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्यांवर, हिरवी वांगी भाजून, लाकडी बडगीत कुटून, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा वाढावा. आणि जो गडी तो ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी येऊ देत नाही, त्याचे पोटात पाप नाही, ऐसे बेलाशक समजावे.

ऐसा मर्द सापडण्यास उशीर लागला नाही. धुळ्यास नानांचे जावई प्रेमराज. त्यांचा मावसभाऊ रुपचंद. धंदा वेबसाईट बांधण्याचा. तो जावयांसंगे भरितास आला, पान पुसून जेवला, नानांस मामा म्हणाला, आणि ठेच्याचा गोळा ऐसा गिळिला की नानांनी तेथेच मांडीवर थाप मारून काम त्याचे स्वाधीन केले. करारमदार काही नाही. दिपमालेने हळूच विनंती केली की, ती वेबसाईट कोणाच्या नावावर राहील, तेवढे तरी विचारावे. त्यावर नाना म्हणाले, "सोयऱ्याला असं विचारतात का? उद्या व्याह्यांपुढे कोणतं तोंड घेऊन बसू?" आणि विषय संपला. सोयरा म्हटला की कागद करावयाचा नाही, ही आमच्या मुलखाची रीत, आणि तिच्यापायी जितके बुडाले तितके तापीच्या पुरातही बुडाले नसतील.

आता वाचणारांस ठावे असावे की, या अदृश्य किल्ल्याचे मुख्य ऐवज दोन. एक त्याचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, आणि दुसरी त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड. रुपचंदाने नाव ठेविले 'कुंदाबाईंचे बिबडे', दरवाजावर कुंदाबाईंची नथ घातलेली हसरी तसबीर लाविली, मालकाच्या जागी गुपचूप स्वतःस नोंदविले, आणि किल्ली कमरेला खोविली. काही काळ बरा चालला. मग रुपचंदाचे मनात आले की, नाव माझ्या हाती, किल्ली माझ्या हाती, तर बिबडे तरी त्यांचेच कशास? आणि त्याणे कोठूनसे पोत्याने बिबडे आणिले, ज्वारी कमी आणि मैदा फार ऐसे, आणि तेच नाव, तीच तसबीर लावून विकू लागला. पिंप्राळ्यास येणारी मागणी आटत चालली. नाना म्हणाले की, लोकांचे दात दुखत असतील.

फुटले ते एका दुपारी. नाशिकच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई, त्यांचा दिपमालेस फोन आला. बाई भांडत्या तर एक वेळ बरे होते, त्या हळहळल्या. म्हणाल्या की, कुंदाअक्कांचे वय जाले वाटते, हात पहिल्यासारखा राहिला नाही, यंदाचा बिबडा चामड्यासारखा चिवट निघाला, पण त्यांना सांगू नका हो, बिचाऱ्यांना वाईट वाटेल. फोन स्पीकरवर होता, आणि कुंदाबाई तेथेच लसूण सोलीत बसल्या होत्या.

 कुंदाबाई सोललेला लसूण तसाच परातीत टाकून उठल्या, मोबाईलात स्वतःची ती हसरी तसबीर पाहिली, आणि फार वेळ पाहिली. माहेर शिरपुराकडचे; राग आला की भाषा माहेरची, अहिराणी येई. मग नानांस म्हणाल्या, "मन्हं नाव मन्हं शे का त्या रुपचंदनं शे, ते पयले ठरावा. तवलोंग मी पातेलं चुल्हावर ठेवस नही." आणि आत गेल्या. फाल्गुन लागला होता. बिबडे व्हावयाचे ते उन्हाळ्यात, आणि उन्हाळा पातेल्याविना गेला म्हणजे वर्ष गेले, गिऱ्हाईक गेले, आणि ज्या हातास जन्मात कोणी नाव ठेविले नव्हते तो हात जन्माचा बदनाम राहिला. हे नानांसही कळले, आणि प्रथमच त्यांस खुर्ची टोचू लागली.

कोणी म्हणेल, रुपचंदावर चालून का गेले नाहीत? वाहवा! म्हणणारास जावई नसावा. रुपचंदास बोलावे तर प्रेमराज रुसणार, प्रेमराज रुसले तर लेकीस धुळ्यात तोंड चुकवीत हिंडावे लागणार, आणि व्याही पुढल्या लग्नात मानपानाचा ऐसा सूड उगवणार की बस्स. यास्तव नानांनी खलबत करून ठराव केला की, शत्रूस हात लावू नये, शेजारी दुसरा किल्ला नव्या नावाने बांधावा आणि त्यास नवा किल्लेदार नेमावा. नेमावा कैसा? तर भरीत करून. इतके होऊनही सिद्धांत जागचा हलला नव्हता.

मग गिरणेकाठच्या शेतात दरबार भरला. पऱ्हाट्या पेटल्या, वांगी भाजली, बडगी दणाणली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या, आणि तीन उमेदवार हजीर जाले. पैकी पहिले पुण्यास राहून आलेले, डोळ्यांस काळा चष्मा. त्यांणी कौल दिला की, जगाच्या पाठीवर कोणीही बिबडा हा शब्द शोधिला तरी पहिल्या पानावर पहिले नाव नानांचे येईल, आणि हे सर्व आठवडाभरात. नाना खूश जाले. दुसरे म्हणाले की, आम्ही मोठमोठे किल्ले बांधिले आहेत, आणि एका ट्रॅक्टरच्या दुकानाची वेबसाईट सांगितली. दिपमालेने तेथेच आपल्या मोबाईलात ती उघडिली, तो 'आमच्याविषयी' या पानावर लिहिले होते की, येथे आपला मजकूर लिहावा. आणि शेजारी दाताच्या डॉक्टरची तसबीर. दिपमालेने मोबाईल मुकाट्याने नानांपुढे धरिला. परंतु त्या गृहस्थांनी तोवर दुसऱ्यांदा ठेचा घेतला होता, आणि नाना मोबाईलाकडे पाहीनात, डोळ्यांकडे पाहात होते.

तिसरी उमेदवार शीतल, राहणार भडगांव, एस.टी.ने आलेली. तिजपुढे पान मांडिले तो म्हणाली, "नाना, आज माझी चतुर्थी आहे. मी जेवणार नाही." जाले!  जो खातच नाही त्याची परीक्षा घ्यावी कशी? नानांचे मन तेथेच उतरले. आणि मग त्या मुलीने आणखी आगळीक केली, ती ही की, कामाचे न बोलता उलट नानांसच पुसिले: "आधीची वेबसाईट होती ना? तिचं डोमेन कोणाच्या नावावर आहे?" नाना पऱ्हाट्यांचा जाळ सारखा करू लागले. तिने दिपमालेकडे पाहिले, आणि दिपमालेने सारे सांगितले. लपवून लपवायचे काय होते? बारा गावांच्या बिबड्यांवर कुंदाबाई हसत होत्या.

शीतल म्हणाली की, पहिल्या पानावर आणीन ऐसा शब्द मी देत नाही, कोणी देत असेल तर त्यास अधिक भरीत वाढावे. नाव ज्याचे त्याच्या नावावर राहील, किल्ली त्याच्या हाती राहील, मी बांधून देईन आणि निगा राखीन. आणि ज्या दिवशी मी नकोशी होईन त्या दिवशी मला विचारल्याविना तुम्ही दुसरा माणूस नेमू शकला पाहिजे. इतके बोलून तिने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर दिले, आणि शेवटी रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा नंबर देऊन म्हणाली, "यांना मुद्दाम फोन करा. यांचं माझं कडाक्याचं भांडण झालं होतं."

ऐसे आजवर कोणी केले नव्हते. सोयरीक जुळविताना मुलाचा बाप जी घरे दाखवितो तेथे गोडच बोलतात. पण जेथे भांडण जाले ते घर दाखविणारा बाप खानदेशात अजून जन्मास यावयाचा आहे. नानांस राहवेना. त्यांनी तेथेच बांधावर उभे राहून रावेरास फोन लाविला. त्या व्यापाऱ्याने शीतलचे नाव ऐकताच जो तोफखाना सुरू केला, तो ट्रकच्या हॉर्नावरूनही स्पष्ट ऐकू येत होता. म्हणाला की, पोरगी भारी हेकट. मी म्हटले की, भारतातील पहिल्या नंबरची केळी ऐसे लिही, तर म्हणे पुरावा आणा. मी म्हटले की, परदेशात माल जातो ऐसे लिही, तर म्हणे जात असेल त्या दिवशी लिहिते. शेवटी मी तिला काढून टाकिले! नानांनी भीतभीत पुसिले की, काढिल्यावर तिने किल्ली अडवून ठेविली की काय? तेव्हा पलीकडे तोफ थांबली. मग तो व्यापारी नाइलाज जाल्यागत म्हणाला, "नाही. नाव पहिल्यापासून माझ्याच नावावर होतं. त्याच संध्याकाळी बाकीचं सगळं समजावून देऊन गेली. तेवढं खोटं बोलवत नाही."

नानांनी फोन ठेविला, आणि काळ्या चष्म्याचे भरीत तसेच राहून किल्लेदारी शीतलकडे गेली. नाना आजही सांगतात की, त्यांणी मुलीस पाहताक्षणी ओळखिले होते. असो.

परंतु खरी लढाई पुढेच होती. शीतल नवे नाव काय ठेवावे, ते पुसावयास घरी आली. कुंदाबाई म्हणाल्या, "नवं नाव कशाले? मी काय चोरी करेल शे का?"  शीतल म्हणाली की, मग रीतसर तक्रार करावी लागेल, वेळ लागेल, पण होईल. तक्रार हा शब्द ऐकताच नानांस जावयांचे रुसलेले तोंड दिसले, आणि त्यांणी पाणी मागितले. कुंदाबाईंनी नानांकडे एकवार पाहिले, मग दिपमालेस आत बोलाविले, आणि दार लोटून सासूसुनांनी काय मसलत केली ती नानांस कळविली नाही, हे फार उत्तम केले.

होळीस लेक माहेरी आली होती. तिला न्यावयास प्रेमराज जावई धुळ्याहून निघाले आणि पारोळे, एरंडोल मागे टाकीत पिंप्राळ्यास दाखल जाले. मनुष्य सालस, खाण्याचा शौकीन, आणि सासूच्या बिबड्यांवर त्याचा जीव. रात्री पान वाढिले: मुगाची खिचडी, कढी, वर तुपाची धार, आणि बाजूस तळलेले बिबडे. प्रेमराजांनी हात चोळून पहिला बिबडा उचलिला आणि मोडिला. तो मोडेना. वाकला. दातांत धरून ओढिला, चावू लागले, आणि चावता चावता मंदावले.

"मामी," ते म्हणाले, "राग नका मानू, पण हे तुमच्या हातचे नाहीत."

"नहीत?" कुंदाबाई म्हणाल्या. "पन नाव ते मन्हंच शे." आणि आतून पाकीट आणून पानाशेजारी ठेविले. पाकिटावर नथ घालून खुद्द कुंदाबाई हसत होत्या. दिपमालेने शेजारणीच्या पत्त्यावर, रुपचंदाच्याच वेबसाईटवरून, रीतसर मागविलेले पाकीट होते ते. प्रेमराजांनी पाकिटावरच्या मामीकडे पाहिले, मग समोरच्या मामीकडे. समोरची हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि तिने पदर लाविला नाही, तसेच राहू दिले.

"मला ठाऊक नव्हतं, मामी."

"माले माहीत शे," कुंदाबाई म्हणाल्या. "म्हनीसन तर तुमले कोन्ही काही सांगं नही. तुम्ही जेवा."

आता जेवावे कसे? या निर्वाणीच्या प्रसंगी राजश्री नाना कोठे होते, ऐसे पुसाल, तर ते अंगणातील नळावर हात धूत होते, आणि इतके धुतले की पुढे आठवडाभर धुवावयास नकोत. इकडे प्रेमराजांनी उष्टा उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने रुपचंदास फोन लाविला. ते ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. एवढेच म्हणाले, "उद्या सगळ्या किल्ल्या घेऊन पिंप्राळ्याला ये. नाही आलास, तर हा बिबडा मी मावशीला नेऊन खाऊ घालतो आणि कोणी विकला ते सांगतो." रुपचंद पोलिसांस भीत नव्हता, कोर्टास भीत नव्हता, पण आईस भीत होता. तक्रारीने जे काम कैक महिन्यांत जाले असते, ते तेथेच उरकले.

दुसरे दिवशी रुपचंद मोटारसायकलीवर हजीर जाला. शीतल लॅपटॉप उघडून बसली होती. तिने त्याच्या खात्यातून नाव काढून कुंदाबाईंच्या नावावर चढविले, खातरजमेचा नंबर कुंदाबाईंच्याच मोबाईलवर आला, तो त्यांणी चष्मा लावून एकेक अंक मोठ्याने वाचिला, आणि किल्ला फत्ते जाला. न तोफ, न बंदूक. दाराशी आलेल्यास उपाशी धाडू नये म्हणून कुंदाबाईंनी रुपचंदास पान वाढिले. त्याणे खाली मान घालून भाकर खाल्ली, ठेचाही खाल्ला, आणि डोळ्यांत टिपूस आला नाही. शेजारी शीतलची त्या दिवशी चतुर्थी नव्हती. तिने बोटभर ठेचा चाखिला मात्र, डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि तांब्याभर पाणी पिऊन उचकी थांबेना. नाना दोघांकडे आळीपाळीने पाहात राहिले.  त्या दिवसापासून तो सिद्धांत कोणी त्यांचे तोंडून ऐकिला नाही.

मग नवी किल्ली पाडावयाची वेळ आली. शीतल म्हणाली, "आता पासवर्ड तुम्हीच टाका, अक्का. मला सांगू नका." आणि तिने खरोखर भिंतीकडे तोंड फिरविले. प्रेमराज वळले, दिपमाला वळली. नाना मालक असल्याकारणे वळले नाहीत. कुंदाबाईंनी लॅपटॉपावर पदर धरिला आणि आत हात घालून, एकेक अक्षर शोधीत, किल्ली पाडिली. नानांनी मग एक हुकूम सोडिला की, दरवाजावर आपली फेटा बांधलेली तसबीर असावी. शीतल म्हणाली की, मालकांस विचारून सांगते, आणि कुंदाबाईंकडे वळली. कुंदाबाईंनी विचार करून मंजुरी दिली: शेवटच्या पानावर, पत्त्याच्या खाली.

चैत्रात पातेले चुलीवर चढले. नाशिकच्या बाईंस पहिला डबा दिपमालेने स्वतः बांधून धाडिला, आणि बाईंचा फोन आला की, अक्कांचा हात परत आला हो!  कुंदाबाई दिपमालेस फक्त स्पीकर लावून ठेव म्हणाल्या, आणि पुनःपुन्हा ऐकावे ऐसे होते तरी बाईंनी एकदाच सांगितले. त्याच दुपारी नाना गच्चीवर आले, घसा साफ केला, आणि म्हणाले की, घरच्या कर्त्या पुरुषास किल्ली ठावी असावी, उद्या अडीअडचणीस उपयोगी पडते. गच्चीभर फडकी अंथरलेली, त्यांवर ओले बिबडे, आणि कठड्यावर कावळे टपलेले. कुंदाबाईंनी पिठाचा हात पुसिला, कोपऱ्यातली काठी उचलिली, आणि नानांच्या हाती दिली.

"आते पयले कावळा हाका," त्या म्हणाल्या.

येणेप्रमाणे किल्ले कुंदाबाई शत्रूकडून सोडविला, जावई रुसला नाही, व्याही बिघडला नाही, आणि नाव ज्याचे त्याकडे आले. मोहीम फत्ते जाली, तिचा बंदोबस्त लिहून ठेविला तो ऐसा: किल्लेदारी शीतलकडे, किल्ली कुंदाबाईंकडे, आणि कावळे नानांकडे.